सकाळची बाटली

"पुन्हा आलंय," फोनवर आवाज आला. "लाल. कोटाच्या बटणाएवढं."

प्राण्यांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. नाव विचारायची गरजच नव्हती. रक्ताचा डाग बटणाच्या मापात सांगणारी बाई सगळ्या गावात एकच होती. मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं शिवण शिकवून घरी बसलेल्या शिवणताई.

"सकाळचं औषध दिलंत?"

"आठ वाजता. तक्त्यावर खूणही केलीय."

"खातोय का?"

पलीकडे पिंजऱ्याचं दार उघडल्याचा आवाज आला.

"गवत हुंगतो आणि सोडून देतो," शिवणताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

कंपाउंडरबाईंनी आतल्या खोलीत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर तिशीतल्या, चटपटीत, बाईंना मावशी म्हणणाऱ्या. त्यांनी हातातल्या मांजराचा कान सोडला आणि खुर्चीत बसल्या.

"लोड्या?"

"लोड्या."

लोड्या हा गिनीपिग. तपकिरी-पांढरा, सव्वा किलोचा, मान कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं ते न कळणारा. गादीवरच्या लोडासारखा दिसायचा म्हणून हे नाव. महिन्यापूर्वी त्याला लघवीतून रक्त जायला लागलं. एक्स-रे काढला, खडा नव्हता. जंतू होते. दहा दिवस अँटिबायोटिक दिलं, गडी टुणटुणीत झाला. आठवड्याने पुन्हा तेच. मग चौदा दिवसांचं औषध दिलं. आज त्याचा सहावा दिवस होता.

"प्रयोगशाळेनं स्पष्ट लिहिलंय, मावशी. हे जंतू याच औषधानं मरतात. माप मी तीनदा तपासलं. औषध तुम्ही स्वतः बनवलंत. मग ते मरत का नाहीत?"

"दुसरं देता येईल?"

"याहून जालीम दिलं तर याच्या पोटातले चांगले जंतूही मरतील. आधीच खाणं सोडलंय. या प्राण्यांचं पोट एकदा बंद पडलं की संपलंच." डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "इथे ठेवून घेतलं तर कुत्र्यांच्या भुंकण्यानंच जीव जाईल त्याचा. चार दिवस बघते. फरक पडला नाही, तर त्याला हाल हाल होऊन मरू देण्यापेक्षा झोपवलेलं बरं."

छत्तीस वर्षांत हा शब्द बाईंनी पुष्कळदा ऐकला होता. तरी तो कानाला सरावला नव्हता.

"मी जाऊन येते," त्या म्हणाल्या. "औषध बाटलीतून निघतं ते आपल्याला माहीत. तोंडात जातं की नाही, ते कुणी पाहिलंय?"

*

शिवणताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्याला एकावन्न पायऱ्या. बाई दर मजल्यावर थांबत, कठड्याला हात लावून श्वास घेत वर गेल्या. वाटेत मैदानाच्या कडेला त्यांनी मूठभर कोवळं गवत खुडून पिशवीत टाकलं होतं.

दार उघडलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा जाणवलं ते हे, की या घरात सगळं दोन दोन होतं.

दोन चहाची भांडी. दोन वर्तमानपत्रं, एकाच नावाची, पण दोन. स्वयंपाकघरातल्या फळीवर मधोमध एक रंगीत दोरा खिळ्यांना ताणून बांधलेला, डावीकडचे डबे ताईंचे, उजवीकडचे त्यांच्या धाकट्या भावाचे. भाऊ छापखान्यात पुस्तकं बांधायचा. तोही आता निवृत्त. दोघांनी लग्नं केली नाहीत. दोघं एकाच घरात राहत आणि तीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. लागलंच तर चिठ्ठी लिहीत.

औषधाच्या बाटल्याही म्हणूनच दोन होत्या. "माझी बाटली वेगळी हवी," ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सकाळची पाळी ताईंची, संध्याकाळची भावाची. बाईंनी सकाळच्या बाटलीच्या गळ्याला निळा दोरा बांधला होता, संध्याकाळच्या बाटलीला लाल.

पिंजरा खिडकीपाशी होता. खालच्या मजल्यावरचं कुटुंब गाव सोडताना "आठ दिवस सांभाळा" म्हणून तो जिन्यात ठेवून गेलं होतं. त्याला दोन वर्षं झाली.

"बसा," ताई म्हणाल्या. त्या पिंजऱ्याकडे वळल्या आणि त्यांची चप्पल फरशीवर वाजली. तेवढ्यानं आतून बारीक, लांब शीळ आली. आजारी असल्यामुळे क्षीण, पण शीळच.

ताईंचा चेहरा बदलला. एरवी इस्त्रीच्या कपड्यासारखा कडक असणारा तो चेहरा एकदम सैल पडला.

"ओळखतो पावलं," त्या म्हणाल्या. "झोपेत असला तरी घालतो. आले रे, आले. माझं बाळ ते."

त्यांनी लोड्याला उचलून मांडीवर घेतलं. त्यानं त्यांच्या कोपराच्या खोबणीत तोंड खुपसलं. त्या हनुवटीखाली खाजवत राहिल्या तसं त्यानं डोळे मिटले.

बाईंनी डाग पाहिला. पिंजऱ्यात अंथरायला ताई पांढऱ्या कापडाचे चौकोन शिवत. चारी कडा दुमडून, टाके मोहरीएवढे. तसलाच एक चौकोन औषध देताना लोड्याला गुंडाळायलाही असे.

"औषध कसं देता, ते सांगता का?"

"गुंडाळून घेते. डोकं तेवढं बाहेर ठेवते. पिचकारी गालाच्या बाजूनं आत सरकवते. थेंब थेंब सोडते, गिळू देते, घाई करत नाही."

"थुंकतो?"

"मुळीच नाही. शहाणा आहे."

"चावतो?"

"मला?" ताई हसल्या. त्यांचे हात स्वच्छ होते. लांबसडक बोटं, एका बोटाच्या टोकाला जुन्या सुईचे टोचे, दुसरं काही नाही. "माझ्या भावाला विचारा, चावतो का ते. आला बघा."

मागे जिन्यात जड पावलं वाजली. लोड्यानं डोळे उघडले. अंग आक्रसलं. दार उघडायच्या आत तो मांडीवरून उडी मारून पिंजऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरला होता.

"पाहिलंत?" ताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तो आला की हे असं. संध्याकाळी दार लावून काय करतो कोण जाणे. किंकाळ्या ऐकवत नाहीत. मी तेवढा वेळ खाली जाऊन उभी राहते. मारत असेल का हो?"

*

भाऊ ठेंगणा, रुंद खांद्यांचा होता. बाईंना पाहून त्यानं टोपी काढली आणि बहिणीकडे न बघता स्वतःच्या खोलीचं दार उघडून धरलं.

खोलीत पुस्तकं चिकटवायच्या खळीचा वास होता. टेबलावर जुनी पुस्तकं दाबाखाली ठेवलेली. बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. उजव्या तर्जनीवर दोन पट्ट्या चिकटवलेल्या. अंगठ्याजवळ दातांच्या जुन्या खुणा.

"तुम्ही औषध कसं देता?"

"कसं म्हणजे, देतो आपला." तो ओशाळला. "नीट नाही जमत, बाई. खरं सांगू?"

"खरंच सांगायचं असतं."

"त्या कागदात लिहिलंय ना तुमच्या, गुंडाळून धरा, थेंब थेंब सोडा, घाई करू नका. तसं नाही होत. तो मागे सरकतो. गुंडाळलं की मागच्या बाजूनं निसटतो, साबणासारखा. मग मी खाली बसतो, पाठ भिंतीला. गुडघ्यांत धरतो. पहिलं तोंडात गेलं की थुंकतो, अर्धं माझ्या सदऱ्यावर. मग पुन्हा थोडं भरतो. मग चावतो. मग मी 'झालं झालं' म्हणतो, आणि झालेलं नसतं. त्यालाही ते कळतं."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गालातच ठेवलं.

"किंचाळतो?"

"तारस्वरात. मलाच रडू येतं कधीकधी."

"म्हणून एखादी संध्याकाळ सोडून देता?"

"नाही." उत्तर ताबडतोब आलं. "एकही नाही."

"तुमची बाटली दाखवा."

त्यानं लाल दोऱ्याची बाटली पुढे केली. ती चिकट होती. बुचाभोवती गुलाबी औषधाची खपली धरलेली. बाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली, मग बाहेर येऊन ताईंची निळ्या दोऱ्याची बाटली शेजारी धरली. ती इतकी लख्ख होती की दुकानातून आत्ताच आणली असं वाटावं.

दोन्ही बाटल्यांवर बाईंच्या हातची कागदी पट्टी होती. पूर्वी दवाखान्यात मिश्रण मिळायचं तेव्हा कंपाउंडर अशा पट्ट्या कापून डिंकानं चिकटवत. एक खूण म्हणजे एक डोस. कागद कसा दुमडायचा, कात्री कुठे थांबवायची, हे त्यांना पहिल्या नोकरीत एका म्हाताऱ्या कंपाउंडरनं शिकवलं होतं. डॉक्टर हसायच्या, "मावशी, या पट्ट्या संग्रहालयात द्या." पण पिचकारीवरचे बारीक आकडे म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत. पट्टी दिसते.

सकाळच्या बाटलीतून सहा डोस गेले होते. औषध बरोब्बर सहाव्या खुणेवर होतं. केसाचाही फरक नाही.

संध्याकाळचे पाच डोस झाले होते. औषध सातव्या खुणेच्याही खाली गेलं होतं.

"बघा!" ताई म्हणाल्या. "पाच डोसांत सात खुणा! ओततो, नाहीतर सांडतो. याच्यामुळेच बरं होत नाहीये ते लेकरू."

भाऊ दारात उभा होता. तो खोक्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

बाईंनी संध्याकाळपुरता एक डोस पिचकारीत भरून भावाकडे दिला, दोन्ही बाटल्या पिशवीत टाकल्या, पिशवीतलं गवत काढून खोक्यापाशी ठेवलं आणि उठल्या. जाताना मागच्या गॅलरीत त्यांची नजर वाळत घातलेल्या कपड्यांवर गेली. पांढरे चौकोन ओळीनं होते. काहींच्या कोपऱ्यावर निळ्या धाग्याचा टाका, काहींच्या लाल. ताईंची पद्धत. लाल टाक्याचे चौकोन धुऊनही फिक्कट गुलाबी राहिले होते, एक दोन ठिकाणी दातांनी फाटलेले. निळ्या टाक्याच्या चौकोनांवर काही नव्हतं. घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या.

बाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

*

त्या दिवशी दुपारी दवाखाना बंद झाल्यावर बाई आपल्या खोलीवर गेल्या. त्यांच्याकडे सगळं एक एक होतं. एक खुर्ची, एक ताट, एक छत्री. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगा दूर होता, आणि दूर नसता तरी फारसा फरक पडला नसता.

मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला छातीचं दुखणं झालं होतं. दीड वर्ष. दिवसातून चार वेळा औषध, सगळं कडूजहर. नवरा फिरतीवर असायचा, आणि असला तरी म्हणायचा, "मला नाही बघवत ते." मग बाईंनीच द्यायचं. नाक दाबून, हात गुडघ्याखाली धरून, पोरगं ओरडत असताना. मुलगा बरा झाला, उंच झाला, शिकला. तो बापाच्या आठवणी सांगताना अजून हसतो. आईची पावलं वाजली की तो पलंगाखाली जायचा, ते तो विसरला आहे. बाई विसरल्या नव्हत्या.

त्या खुर्चीतून ताडकन उठल्या.

"अगं बाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या. खोलीत ऐकणारं कुणी नव्हतं. "मी बाटल्या उलट्या वाचल्या."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बाई डॉक्टरांना घेऊन तिसऱ्या मजल्यावर हजर झाल्या. डॉक्टरांनी जिन्यातच विचारलं होतं, "भावानंच ना? प्राणी त्याला बघून लपतो, बाटली त्याची भराभर उतरतेय, आणखी काय हवं? ताबडतोब त्याचा हात लागणं बंद करू."

"आधी ऐकून घ्या," बाई म्हणाल्या. "मग कुणाचा हात बंद करायचा ते ठरवा."

भाऊ त्याच्या दारात उभा राहिला. ताई पिंजऱ्याशेजारी बसल्या. दोघांमध्ये खोलीची रुंदी होती, रोज असायची तेवढीच.

बाईंनी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या.

"मी छत्तीस वर्षं औषधं बांधतेय," त्यांनी सुरुवात केली. "हजारो पट्ट्या कापल्या असतील. पण खुणेवर थांबलेली बाटली मी जन्मात परत आलेली पाहिली नव्हती. ही पहिली."

"म्हणजे?" डॉक्टर म्हणाल्या. "खुणेवरच थांबायला हवी ना?"

"कागदावर. घरात नाही. जिवंत प्राण्याला औषध द्या. तो मान हलवतो, थेंब सांडतो. थुंकतो, पुन्हा भरावं लागतं. पिचकारीच्या टोकाला राहतं, बुचाला लागतं. दर वेळी थोडं जास्तच जातं. म्हणून मी दोन डोस जादा भरून देते. खऱ्या घरातली बाटली नेहमी पट्टीच्या पुढे पळते. सहा डोस आणि बरोब्बर सहावी खूण, हे एकाच तऱ्हेनं होतं. पिचकारी शांतपणे भरायची, रेघेवर आणायची, आणि जिथे कुणी मान हलवत नाही तिथे रिकामी करायची. मोरीत."

डॉक्टरांनी निळ्या दोऱ्याची बाटली उचलून पट्टी पाहिली.

"हे मोजमाप कुणाही माणसाला जमायचं नाही. टाका कधी वाकडा न गेलेल्या हातालाच जमेल. ताई, थोडं सांडलं असतंत ना, तर मी फसले असते. पण तुम्हाला फेकायचं औषधसुद्धा वेडंवाकडं फेकता येईना."

ताईंचा हात खोक्यात, लोड्याच्या पाठीवर होता. तो तिथेच थांबला.

"काहीतरीच," डॉक्टर म्हणाल्या. "मावशी, तो लपतो भावाला बघून!"

"तेच तर. रोज सकाळी गोड बोलून कडू पाजणाऱ्याला बघून कोण शीळ घालतं? त्याला या घरात एकाच माणसाची भीती वाटते, कारण एकच माणूस त्याला औषध देतो. काल मीही तुमच्यासारखंच वाचलं. लपतो म्हणजे मारत असेल. खरं म्हणजे हा प्राणी महिनाभर जगलाय, ते ज्याला बघून तो पळतो त्याच्यामुळेच. सकाळचा डोस नाही, संध्याकाळचा आहे. जंतू रात्री अर्धमेले व्हायचे आणि दिवसा पुन्हा उठून बसायचे. पहिल्या वेळीही तेच झालं."

"पुरावा?" डॉक्टरांनी विचारलं, पण आवाज उतरला होता.

"संध्याकाळच्या चौकोनांवर गुलाबी डाग आणि दातांच्या खुणा. सकाळच्या चौकोनांची घडीसुद्धा मोडलेली नाही. भावाचे हात बघा, ताईंचे हात बघा. आणि एक. औषध कसं देता, हे मी दोघांना विचारलं. ताईंनी सांगितलं ते मी लिहून दिलेल्या कागदातलं होतं. शब्द न् शब्द. थेंब थेंब सोडते, घाई करत नाही. ज्यानं औषध दिलेलं असतं, तो असं सांगत नाही. तो सांगतो, साबणासारखा निसटतो."

मग शिवणताई बोलल्या. वर्गात बोलावं तसं ताठ बसून.

"महिन्यापूर्वी पहिले दोन दिवस दिलं मी. देवाशप्पथ दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले, चप्पल घातली, पिंजऱ्याकडे गेले. आणि शीळ आली नाही." त्यांनी पिंजऱ्याकडे बोट केलं. "खोक्यात जाऊन बसला होता. मला बघून. या घरात तीस वर्षांत मी आले म्हणून कुणाला आनंद झाला नव्हता. याला व्हायचा. तेवढाच एक. वाटलं, संध्याकाळचं जातंय ना पोटात. एका वेळेनंही बरं वाटेल. हळूहळू वाटेल. मग तो पुन्हा शीळ घालायला लागला, आणि मला..." त्या थांबल्या. "मला थांबता आलं नाही."

"तो मेला असता, ताई," डॉक्टर म्हणाल्या.

"माहीत आहे."

"आणि तुम्ही दादांवर—"

"हो. तेही केलं."

बाई भावाकडे वळल्या. "आता तुमचं. पाच डोसांत सातव्या खुणेच्या खाली, हे नुसत्या सांडण्यानं होत नाही. तुम्ही जास्त देत होतात. का?"

भाऊ टोपी हातात फिरवत राहिला.

"भिंत पातळ आहे," तो म्हणाला. "सकाळी मोरीचं पाणी वाजायचं. मग हिचं बोलणं, लाडाचं. किंचाळणं कधीच नाही. पहिल्या आठवड्यातच कळलं मला. म्हणून संध्याकाळी थोडं जास्त घालायचो. वाटलं, भरून निघेल."

"असं भरून निघत नाही," बाई करड्या आवाजात म्हणाल्या. "बारा तासांचं औषध बारा तासांनीच लागतं. बोलायचं होतंत. ताईंना नाही, तर मला तरी."

"कसं बोलू?" त्यानं पहिल्यांदा बहिणीकडे पाहिलं. "आई गेली तेव्हा ही परगावी होती, शिक्षकांच्या शिबिराला. मी घर आवरलं. आईचं हातमशीन गंजलं होतं, मी भंगारवाल्याला देऊन टाकलं. ही त्याच मशीनवर शिवायला शिकली होती, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. हिनं येऊन रिकामा कोपरा पाहिला आणि त्या दिवसापासून..." त्यानं हात हलवला. "हिचं एक मी घेतलं होतं, बाई. आता सकाळी भिंतीतून हिचा आवाज यायचा, लहानपणी माझ्याशी बोलायची तसा. तेही घेऊ?"

ताईंनी तोंडाला पदर लावला.

बाईंनी पिशवीतून पिचकारी काढली. आठ वाजायला पाच मिनिटं होती.

"माझं ऐका," त्या म्हणाल्या. "सकाळचं मी येऊन देत जाईन. एकावन्न पायऱ्या आहेत, पण चढेन. माझा राग करू दे त्याला. मला सवय आहे, आणि माझ्या घरी शीळ घालायला तसंही कुणी नाही."

ताईंनी पदर खाली घेतला. डोळे लाल होते, पण हात पुढे आला तो शिवणशिक्षिकेचा, सुई मागावी तसा.

"नको. सकाळची पाळी माझी आहे."

त्यांनी चौकोन पसरला, लोड्याला गुंडाळलं. पहिला थेंब गेला आणि तो असा किंचाळला, की डॉक्टरही दचकल्या. मग तो मागच्या बाजूनं निसटला. ताईंच्या हातून पिचकारी पडली.

"जमिनीवर बस," दारातून आवाज आला. "पाठ भिंतीला लाव. गुडघ्यांत धर, ताई."

तीस वर्षांनी. शिवणताईंनी पिचकारी उचलली. मग त्या जमिनीवर बसल्या आणि पाठ भिंतीला टेकवली.

"मागून धर ना जरा," त्या म्हणाल्या. "नुसता उभा काय राहिलास, खांबासारखा?"

*

बारा दिवसांनी बाई तपासणीसाठी लघवीचा नमुना घ्यायला गेल्या. मधे दोनदा येऊन गेल्या होत्या, दर वेळी मैदानाच्या कडेचं गवत घेऊन. रक्त थांबलं होतं. नव्यानं दिलेल्या दहा दिवसांच्या बाटल्यांवरची शेवटची खूणही ओलांडली गेली होती.

तिसऱ्या मजल्यावर पोचायला सात पायऱ्या उरल्या असताना त्या श्वास घ्यायला थांबल्या. पुन्हा पाऊल उचललं. चप्पल दगडावर वाजली.

बंद दाराआडून शीळ आली. लांब, भरदार, थांबायचं नाव न घेणारी.

बाईंनी मागे वळून पाहिलं. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं.

दार शिवणताईंनी उघडलं. त्यांच्या करंगळीला पट्टी होती, पातळावर गुलाबी शिंतोडे.

"या," त्या म्हणाल्या. "तुमची चप्पल जिन्यात वाजली तेव्हापासून चाललंय त्याचं. आम्हा दोघांना बघून अजून खोक्यात शिरतो लबाड. औषध आम्ही पाजायचं, चावे आम्ही खायचे, आणि शीळ मात्र गवतवालीला."

"घालेल हो तुम्हालाही. विसरतात ते."

"विसरू दे, नाहीतर न विसरू दे. जिवंत आहे ना." त्यांनी आत वळून हाक मारली, "अरे, चहा टाक. तीन कप." आणि मग, थोडं थांबून, "माझ्या डब्यातला टाक."

फळीवरचा दोरा अजून होता. पण एका खिळ्यावरून सुटून लोंबत होता.

टेबलावर दोन्ही रिकाम्या बाटल्या ठेवलेल्या होत्या. बाईंनी त्या उजेडात धरल्या. निळ्या दोऱ्याचीही आता चिकट होती. बुचाला खपली, पट्टीवर ओघळ, अर्ध्या खुणा तर पुसूनच गेलेल्या. उभ्या आयुष्यात त्यांच्या पट्टीची कुणी एवढी दुर्दशा केली नव्हती. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि बाटल्या पिशवीत टाकल्या.

मग त्या पिंजऱ्याकडे गेल्या. जवळ जाताना त्यांनी चप्पल मुद्दाम थोडी जोरात वाजवली.